सुपारीसाठी बोर्डो मिश्रण: मोरचूद हाताळण्याची रीत

सुपारीच्या कोळे रोगावर (पावसाळ्यात कोवळी फळे कुजून गळतात तो रोग) १ टक्का बोर्डो मिश्रण आजही भरवशाचे आहे. ते मोरचूद आणि चुन्यापासून बनते. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. त्याच्या निळ्या खड्यांत साधारण चौथा हिस्सा तांबे असते आणि बुरशीला मारते ते हे तांबेच. पण नुसते मोरचूद फवारले तर पाने करपतात, म्हणून चुना लागतो.

१० लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चांगला कळीचा चुना घ्या. रबरी हातमोजे आणि चष्मा आधी चढवा. प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात मोरचूद विरघळवा; खडे कुटून घेतले तर लवकर विरघळतात. लोखंडी बादली नको, तांबे तिलाच चिकटते आणि द्रावण वाया जाते. चुना वेगळ्या भांड्यात थोडे थोडे पाणी घालत विरवा. तो उकळतो, उडतो, म्हणून तोंड लांब ठेवा. गार झाल्यावर पाणी घालून ५ लिटर करा आणि फडक्यातून गाळा.

आता मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता, काठीने ढवळत राहा. उलट ओतू नका, मिश्रण फाटते. दोन्ही द्रावणे गार हवीत.

यापुढची पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि पीक करपते ते तिथेच. घासून लख्ख केलेले विळ्याचे पाते मिश्रणात मिनिटभर बुडवा. साधे लोखंडच हवे, स्टीलची सुरी चालत नाही. पात्यावर तांबूस थर आला तर तांबे अजून मोकळे आहे. चुन्याचे पाणी आणखी घाला, पाते पुन्हा घासून तपासा. थर येईनासा झाला की मिश्रण तयार.

पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी, दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून, घोसांवर नीट बसेल अशी करा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. उगाच जास्त फवारू नका. तांबे मातीत साठत जाते. पंप धुतलेले पाणी वहाळात किंवा विहिरीजवळ कधीच ओतू नका, मासे मरतात.

मोरचूद विषारी आहे. त्याच्या निळ्या रंगाला मुले भुलतात, म्हणून ते कुलपात ठेवा. चुना किंवा मोरचूद डोळ्यांत गेले तर किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवा आणि डॉक्टर गाठा. पोटात गेले तर मुद्दाम उलटी करवू नका. पुडके सोबत घेऊन तडक दवाखान्यात न्या.