ऑफरोड गाडीला नवीन टायर घेताय? लोड रेटिंगच्या या चुका टाळा

टायरच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न "साईज काय दादा?" आणि दुसरा "एटी पाहिजे का एमटी?" (एटी म्हणजे सगळ्या रस्त्यांवर चालणारा, एमटी म्हणजे खास चिखलाचा) एवढाच असतो. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, साईजच्या शेजारी १११ एस किंवा १२०/११६ क्यू असं काहीतरी बारीक लिहिलेलं असतं ते ना दुकानदार वाचत ना आपण, आपलं सगळं लक्ष नक्षी किती आक्राळविक्राळ दिसते याच्यावर. मी पण हेच केलं होतं, म्हणून लिहितोय.

आधी तो नंबर काय ते पटकन सांगतो. १११ म्हणजे १११ किलो नाही, तो इंडेक्स आहे, त्याचा तक्ता असतो. ९६ म्हणजे ७१० किलो, १०० म्हणजे ८००, १०५ म्हणजे ९२५, १११ म्हणजे १०९०, आणि हे एका टायरचं. पुढचं अक्षर स्पीडचं, क्यू म्हणजे १६० चा वेग, एस म्हणजे १८०. बहुतेक एमटी टायर क्यू असतात, आपल्याकडे समृद्धीवर पण लिमिट १२० च आहे त्यामुळे त्याचं मला फार टेन्शन नाही. खरा घोळ लोडचा आहे.

चूक पहिली, आणि सगळ्यात मोठी: जास्त नंबर म्हणजे जास्त दणकट, विषय संपला

माझ्या थारला २४५/७५ आर १६ टायर आहेत. जुने टायर साधे होते, म्हणजे कारला असतात तसे पॅसेंजर टायर, नंबर १११. नवीन घेताना दुकानदार म्हणाला हे बघा, एलटी, लोड रेंज ई, दहा प्लाय, १२०/११६, दगडावर घाला नाहीतर काट्यावर घाला, काही होत नाही. (एलटी म्हणजे लाइट ट्रकचा टायर, लोड रेंज म्हणजे तो किती हवा आणि वजन झेलतो त्याचं अक्षर, सी पेक्षा ई जास्त, आणि प्लाय म्हणजे थर.) मी खुश, घेतले. त्याने बसवले आणि दाराच्या स्टिकरवर बघून ३० पीएसआय हवा मारली, मी पण काही बोललो नाही कारण आधी पण तेवढीच असायची.

मे महिन्यात चौघं जण सामान घेऊन समृद्धीवरून नागपूरला निघालो. गाडी थोडी पोहल्यासारखी वाटत होती, स्टीअरिंग उशिरा ऐकत होतं, म्हटलं नवीन रबर आहे, सेट होईल. दुपारी एका पंपावर थांबलो आणि सहज मागच्या टायरला हात लावला तर चटकाच बसला, साइडवॉलवर हात ठेवताच येत नव्हता. ऊन होतंच पण पुढच्या मित्राच्या गाडीचे टायर कोमट होते, माझेच तापलेले. घरी आल्यावर नीट बघितलं तर दोन्ही बाजूच्या कडा घासलेल्या आणि मधली नक्षी नवी कोरी, म्हणजे सरळसरळ हवा कमी.

झालं असं की टायर स्वतः वजन उचलत नाही, आतली हवा उचलते, टायर म्हणजे ती हवा धरून ठेवणारं भांडं. एलटीचं भांडं जाड असतं, ते जास्त हवा धरू शकतं, म्हणून त्याचा कमाल आकडा मोठा. पण तो आकडा कमाल प्रेशरला असतो. माझ्या साईजचा लोड रेंज ई टायर साधारण १३८० किलो उचलतो खरा, पण ८० पीएसआयला! ३५ ला तोच टायर फक्त ७७० किलोच्या आसपास. आणि जुना साधा १११ वाला ३५-३६ पीएसआयलाच १०९० किलो उचलत होता. परत वाचा हवं तर, मला पण दोनदा वाचावं लागलं होतं. म्हणजे मी पैसे जास्त देऊन, जुनीच हवा ठेवून, कमी वजन उचलणारे टायर लावून फिरत होतो. एलटीच्या तक्त्यात ३५ च्या खालचा आकडाच नव्हता, आणि माझी हवा ३०.

त्यामुळे साधा काढून एलटी लावलात तर स्टिकरवरचं प्रेशर विसरा, ते जुन्या टायरसाठी छापलेलं आहे. टायर कंपनीचा लोड आणि प्रेशरचा तक्ता मागा, आपल्या वजनाला किती हवा लागते ते बघा आणि वर थोडी ठेवा. मी आता रोडवर ३८ ठेवतो, थंड टायरला मोजून. थोडी कडक लागते गाडी, लागू दे.

अजून एक, १२०/११६ मधला दुसरा आकडा मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांसाठी असतो, आपल्याला पहिलाच बघायचा.

चूक दुसरी: गाडीचं वजन अंदाजपंचे धरणं

ब्रोशरमधलं वजन म्हणजे रिकामी गाडी. त्यात तुमचा स्टीलचा बंपर नाही, विंच नाही, रूफ रॅक नाही, वीस लिटर पाण्याचा कॅन नाही आणि तुमचा शंभर किलोचा मित्र पण नाही. सरळ वजनकाट्यावर जा. मी ट्रिपचं सगळं सामान आणि तिघांना बसवून मार्केट यार्डाजवळच्या काट्यावर गेलो, काटेवाला आधी हसला कारण त्याच्याकडे कांद्याचे ट्रक येतात, थार कशाला येईल. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर घेतली, १०४०. मग पूर्ण गाडी, २२२०. म्हणजे मागे ११८०, एका मागच्या चाकावर ५९० सरासरी. सरासरी म्हणतोय कारण डावी उजवी कधीच सारखी नसते आणि घाटात, तिरक्या उतारावर एकाच चाकावर बराच भार येतो. म्हणून आकड्याला आकडा चिकटवून टायर घेऊ नका, वर चांगली जागा ठेवा.

आणि कंपनीने दिलेल्या इंडेक्सच्या खाली जायचं नाही, कितीही भारी डील असली तरी.

चूक तिसरी: हलक्या गाडीला ट्रकचा टायर

हे उलटं टोक. मारुतीची छोटी जिम्नी रिकामी बाराशे किलोच्या आसपास, पूर्ण भरून परवानगी १५४५ किलोची. चारने भागा, एका चाकावर चारशे पण येत नाही. कंपनीचा टायर १९५/८० आर १५, इंडेक्स ९६, म्हणजे ७१०, भरपूर आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकाने तिला लोड रेंज सीचे एलटी लावले, आता गाडी स्पीडब्रेकरवर उड्या मारते आणि पावसाळ्यात ओल्या दगडावर घसरते कारण एवढ्या कमी वजनाने तो टायर दबतच नाही, दगडाला बिलगायला रबर वाकावं लागतं ना. त्याला २१५/७५ आर १५ मधला १०० वाला साधा एटी पुरला असता. कोकणात जांभ्याच्या धारेने साइडवॉल फाटतात हे खरंय, त्यासाठी जाड टायर हवा हे पण मान्य, पण मग "दहा प्लाय" ऐकून भुलू नका. ते रेटिंग आहे, आत दहा थर नसतात. साइडवॉलवरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, साइडवॉलमध्ये पॉलिएस्टरचे दोन थर का तीन, मोबाईलची टॉर्च मारून ते वाचा.

चूक चौथी: पिकअपला कारचा टायर

गावाकडे हे सर्रास दिसतं, मालवाहू पिकअपचा एलटी टायर गेला की साईज जुळते म्हणून एसयूव्हीचा साधा टायर टाकतात, स्वस्त पडतो. अमेरिकेत असा पॅसेंजर टायर पिकअपला लावायचा तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरायचा नियम आहे, म्हणजे १०९० चे ९९० च राहतात. आपल्याकडे भागत तर कोणी नाहीच, वर दीड टन माल भरतात आणि टायर फुटला की कंपनीला शिव्या.

बारीकसारीक, पण नडणारं

एलटीमध्ये ६५ च्या वर हवा भरायची वेळ येणार असेल तर साधा रबरी व्हॉल्व्ह चालत नाही, तो साधारण ६५ पर्यंतचाच असतो, मेटलचा लावून घ्या. बाहेरचे अलॉय घेतले असतील तर त्यांच्या आतल्या बाजूला पण लोडचा आकडा कोरलेला असतो, तो टायरपेक्षा कमी असेल तर टायर काय कामाचा. टायर दणकट घेतला म्हणून गाडीची क्षमता पण वाढत नाही, आरसीवरचा जीव्हीडब्ल्यू, म्हणजे माणसं-सामानासकट गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा, तोच राहतो, स्प्रिंग, अ‍ॅक्सल, ब्रेक सगळं तेच आहे.

स्टेपनी पाचवी त्याच रेटिंगची घ्या. चार एलटी आणि मागे दारावर जुना साधा लटकवला की पंक्चरच्या दिवशी एकाच अ‍ॅक्सलवर दोन स्वभावाचे टायर येतात, त्यात फोर बाय फोर लावलं तर अजून मजा.

आणि चिखलात हवा १८-२० वर उतरवली असेल तर टायरची उचलायची ताकद पण उतरलेली असते, डांबरावर येताच भरायची. छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. "पुढच्या पंपावर भरू" म्हणत चाळीस किलोमीटर ऐंशीने गेलेला एक जण आमच्यात आहे, त्याच्या टायरच्या आतून काळी रबराची पूड निघाली होती, मूठभर.