इलेक्ट्रिकल टीम लीड झालात? या चुका टाळा

एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) कन्सल्टन्सीत इलेक्ट्रिकल टीम लीड होणारा माणूस बहुतेक वेळा ऑफिसातला सगळ्यात चांगला डिझायनर असतो. केबल साइझिंग त्याला तोंडपाठ असतं, एसएलडीतली (वीजपुरवठ्याच्या एकरेषीय आराखड्यातली) गफलत एका नजरेत दिसते. मग त्याच्या हाताखाली चार-सहा इंजिनिअर, एक-दोन ड्राफ्ट्समन आणि एकाच वेळी चालणारे अनेक प्रोजेक्ट येतात. थोड्याच महिन्यांत तक्रारी सुरू होतात. टेंडर ड्रॉइंग उशिरा गेलं, पॅनेल रूममध्ये बसत नाही, आर्किटेक्टने शाफ्ट (केबल-पाइप वर नेण्याची उभी जागा) लहान केला ते कुणाला कळलंच नाही.

यातल्या फार थोड्या चुका आकडेमोडीच्या असतात. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर माहिती जाते तिथे त्या जन्माला येतात, आणि त्या जागेवर उभं राहणं हेच लीडचं खरं काम आहे. खालच्या चुका मुंबई-पुण्याच्या कन्सल्टन्सीत वर्षानुवर्षं दिसणाऱ्या आहेत. नव्याने जबाबदारी घेतलेल्या प्रत्येकाने त्या आधीच ओळखाव्यात, असं मनापासून वाटतं.

लोड लिस्ट गोठवल्याशिवाय पुढे जाणं

लोड लिस्ट म्हणजे इमारतीत कशाला किती वीज लागणार याची यादी. सर्वांत महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

समजा, ऑफिस इमारतीसाठी ५०० टीआरचा (टन रेफ्रिजरेशन) चिलर प्लँट, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारी यंत्रणा, ठरला आहे. वॉटर-कूल्ड चिलर ढोबळमानाने टनामागे ०.६ किलोवॉट घेतो, म्हणजे ३०० किलोवॉट. ट्रान्सफॉर्मर, डीजी (डिझेल जनरेटर), मुख्य पॅनेल सगळं त्यावर बेतलं. महिनाभराने एका मीटिंगमध्ये पाण्याच्या टंचाईचा विषय निघतो आणि एअर-कूल्ड चिलर घ्यायचं ठरतं. मिनिट्समध्ये एक ओळ येते, तीही एचव्हीएसीच्या (वातानुकूलनाच्या) भागात. एअर-कूल्ड चिलर टनामागे १.१ ते १.२ किलोवॉट घेतो. भार ३०० वरून ६०० किलोवॉटच्या जवळ गेला. कूलिंग टॉवर आणि कंडेन्सर पंप गेले तरी निव्वळ वाढ अडीचशे किलोवॉटच्या आसपास राहते. ०.९ पॉवर फॅक्टर धरला तर पावणेतीनशे केव्हीए. म्हणजे ट्रान्सफॉर्मर एक पायरी वर, डीजी बदलला, डीजीखालचा पाया बदलला, आणि चिलर गच्चीवर गेल्यामुळे जाड केबल किंवा बसडक्ट (आवरणातल्या धातूच्या पट्ट्या) शाफ्टमधून वर न्यायची वेळ आली. तो शाफ्ट आर्किटेक्टने तोवर पक्का केलेला असतो.

तुमच्या इंजिनिअरचं गणित इथे कुठेच चुकलेलं नाही. त्याला बातमीच मिळाली नाही.

यावर उपाय साधा आहे, पण चिकाटी मागतो. लोड लिस्टला ड्रॉइंगसारखाच रिव्हिजन नंबर आणि तारीख द्या. प्रत्येक ओळीपुढे तो आकडा कुणी दिला आणि कधी दिला हे लिहायला लावा: एचव्हीएसी, प्लंबिंग, फायर, लिफ्टचा व्हेंडर. ज्याचा आकडा आलेलाच नाही त्याच्यापुढे ‘गृहीत’ असं स्पष्ट लिहा आणि ती यादी दर आठवड्याला संबंधित टीमला पाठवा. एसएलडीच्या कोपऱ्यात ‘लोड लिस्ट आर३ वर आधारित’ अशी नोंद हवी. मग आर४ निघाली की कोणतं ड्रॉइंग शिळं झालं ते शोधत बसावं लागत नाही. आणि मिनिट्स आपल्याच नव्हे, सगळ्या सेवांच्या वाचा. लीडने स्वतः वाचा, ज्युनिअरवर सोडू नका.

डायव्हर्सिटीचंही (सगळा भार एकाच वेळी चालत नाही म्हणून धरलेल्या सवलतीचंही) तसंच. कनेक्टेड लोडला ०.६ ने गुणलं, हे ०.६ कुठून आलं? मागच्या प्रोजेक्टमधून, हे उत्तर चालणार नाही. ऑफिस, हॉस्पिटल आणि डेटा सेंटर यांची चोवीस तासांची वागणूक वेगळी असते. गृहीतकं डिझाइन बेसिस रिपोर्टमध्ये लिहा आणि क्लायंटची सही घ्या. ही सही पुढे टीमची ढाल होते.

जुन्या प्रोजेक्टची एसएलडी उचलून नवं नाव देणं

वेळ वाचतो म्हणून सगळेच करतात, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते न तपासता करणं. एक उदाहरण आकड्यांनिशी बघा.

जुन्या प्रोजेक्टमध्ये ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होता, दुय्यम बाजू ४३३ व्होल्ट. फुल लोड करंट सुमारे ८४० अँपिअर. इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा अंतर्गत अडथळा) ४.५ टक्के धरला तर फॉल्ट करंट, म्हणजे शॉर्ट सर्किटच्या वेळी वाहणारा प्रवाह, १८.७ केए (किलोअँपिअर). तिथे २५ केएपर्यंतचा प्रवाह तोडणारे एमसीसीबी (ब्रेकर) बरोबरच होते. नव्या प्रोजेक्टमध्ये ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीएचा झाला: फुल लोड करंट १३३३ अँपिअर, इम्पीडन्स ५ टक्के, फॉल्ट करंट २६.७ केए. ड्राफ्ट्समनने इनकमरचं (येणाऱ्या पुरवठ्याच्या ब्रेकरचं) रेटिंग बदललं, पण फीडरवरचे (पुढे जाणाऱ्या लाइनींवरचे) एमसीसीबी २५ केएचेच राहिले. कागदावर हे दिसायला अगदी नीटनेटकं दिसतं. तसे दोन ट्रान्सफॉर्मर पॅरलल चालले तर आकडा ५३ केएच्या वर जातो आणि ५० केएचं पॅनेलसुद्धा अपुरं पडतं. बस कपलर (पॅनेलचे दोन भाग जोडणारा ब्रेकर) दोन्ही इनकमर चालू असताना जोडला जाणार नाही, असं डिझायनरच्या मनात असतं. मनात असून उपयोग नाही. तसं होऊ न देणारा इंटरलॉक एसएलडीवर दाखवा, बीओक्यूत (कामांच्या परिमाण-यादीत) लिहा आणि पॅनेलच्या फॅक्टरी तपासणीत तो चालवून बघा.

ही गडबड पॅनेलची ऑर्डर गेल्यावर लक्षात आली तर आधी नेमकं गणित करा. स्रोताचा इम्पीडन्स धरला, फीडरचं पॅनेल ट्रान्सफॉर्मरपासून केबलने दूर असेल तर ती लांबी धरली, की त्या ठिकाणचा आकडा खाली येतो. मोटरींचा वाटा मात्र मिळवायला विसरू नका. तरीही कमी पडलं तर त्याच कंपनीच्या बॅकअप संरक्षणाच्या तक्त्यात वरच्या ब्रेकरची जोडी बसते का ते पाहा. तेही जमलं नाही तर ब्रेकर बदला आणि तसं स्पष्ट लेखी कळवा. ‘चालून जाईल’ हा शब्द फॉल्ट लेव्हलच्या बाबतीत टीममध्ये उच्चारलाच जाऊ नये.

कॉपी केलेल्या सेटमध्ये ‘जनरल नोट्स’ची शीट आवर्जून उघडा. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ची १९८७ ची आवृत्ती लिहिलेली दिसली, तर ती शीट कुणीही वाचलेली नाही असं समजा. सुधारित आवृत्ती २०१८ ची आहे. वायरिंगच्या आयएस ७३२ ची २०१९ ची आहे आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक नियम २०१० नंतर २०२३ मध्ये नव्याने आले आहेत.

उत्तर तपासणं, इनपुट न तपासणं

ईटॅप या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट सुबक दिसतो, आणि संध्याकाळी सात वाजता तो समोर आला की हात सहीकडे जातो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. केबल हवेत आहे, जमिनीत की ट्रेवर? ट्रेवर शेजारी किती केबल आहेत? भोवतालचं तापमान किती धरलंस? या तिन्हींची उत्तरं इंजिनिअरला न अडखळता देता आली, तर बाकीचा रिपोर्ट भरभर चाळला तरी चालतो. नाही देता आली तर रिपोर्ट परत द्या, न चिडता.

तपासणी कागदावर लाल पेनाने करा किंवा पीडीएफवर करा, पण ती ठेवून द्या. तुमच्या खुणांचे जुने सेट नव्या माणसाला कोणत्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त शिकवतात.

सगळं स्वतःच ओढणं

रात्री उशिरा लीड स्वतः ऑटोकॅड उघडून ड्रॉइंग दुरुस्त करतो. त्या दिवसापुरतं काम होतं. पण ज्याने ते काढलं त्याला काय चुकलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो अर्धवटच पाठवतो, कारण ‘सर बघतील’, ‘मॅडम बघतील’ याची त्याला खात्री असते. कोणत्या गोष्टी तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाणार नाहीत ते ठरवा. माझ्या मते एसएलडी, लोड लिस्ट, सबस्टेशनचा लेआउट आणि अर्थिंगची रचना एवढं पुरे. लायटिंग लेआउट, कंड्युट, ट्रे राउटिंग हे सीनिअर इंजिनिअरने तपासावं आणि नावानिशी सही करावी.

साइट न पाहिलेला डिझायनर

आयएस १२५५ प्रमाणे ११०० व्होल्टपर्यंतच्या मल्टिकोर केबलला व्यासाच्या बारापट वळण-त्रिज्या लागते. साठ मिलिमीटर व्यासाच्या केबलला म्हणजे ७०० मिलिमीटरपेक्षा जास्त. हे वाक्य वाचून कुणाला काही वाटत नाही. पण ज्याने सहा माणसांना मिळून ती केबल पॅनेलखाली वळवताना पाहिलं, तो पुन्हा कधी केबल ट्रेंच ४५० मिलिमीटरची काढत नाही. प्रत्येक ज्युनिअरला पहिल्या वर्षात तीन टप्पे दाखवा: स्लॅबमधलं कंड्युट, केबल टर्मिनेशन आणि चार्जिंगचा (पहिल्यांदा वीज सोडण्याचा) दिवस. ते तास टाइमशीटमध्ये मंजूर करून घेणं ही तुमची जबाबदारी.

वीज कंपनी आणि विद्युत निरीक्षक शेवटी आठवणं

पुणे परिसरात महावितरणचं जाळं कुठे ११ केव्हीचं आहे, कुठे २२ केव्हीचं. ऑफिसात बसून ११ धरलं आणि त्या भागात २२ निघालं, तर आरएमयू (रिंग मेन युनिट, उच्च दाबाचं स्विचगिअर), एचटी (उच्च दाबाची) केबल, ट्रान्सफॉर्मर, मीटरिंग सगळं नव्याने. कॉन्सेप्ट टप्प्यातच क्लायंटकडून अर्ज करून घ्या. विद्युत निरीक्षकांच्या मंजुरीसाठी लागणारी मोकळी अंतरं आणि दरवाज्यांच्या जागा आर्किटेक्टच्या पहिल्या प्लॅनवर मागून घ्या.

सबस्टेशन तळघरात ढकलण्याचा आग्रह मुंबईत हमखास होतो. विक्रीयोग्य जागा वाचते, हे खरं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हेही खरं. आर्किटेक्टशी तिथे ठाम बोला आणि आपलं म्हणणं पत्रात द्या.

प्रत्येक बदलाला ‘हो’

क्लायंटला खूश ठेवायला लीड मीटिंगमध्ये बदल मान्य करतो आणि भार टीमवर पडतो. तिथल्या तिथे ‘तपासून उद्या कळवतो’ एवढंच म्हणा. मग किती ड्रॉइंग बदलतील, किती मनुष्य-तास लागतील, तारीख किती सरकेल हे एका ईमेलमध्ये पाठवा. जादा फी मिळेलच असं नाही, पण तारीख तरी सरकते आणि पोरांचे रविवार वाचतात.

चूक बाहेर गेलीच तर

जीएफसी (बांधकामासाठी मंजूर) ड्रॉइंग गेल्यावर चूक सापडली, तर त्याच दिवशी पीएमसीला (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटला) आणि कॉन्ट्रॅक्टरला लेखी कळवा: कोणतं ड्रॉइंग, कोणती रिव्हिजन, कोणतं काम थांबवायचं. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून भागवू नका. साइटवर आर२ छापलेली असते आणि फोटो आर४ चा असतो. कोणत्या ऑर्डर गेल्या आहेत ते विचारा. पॅनेल अजून फॅब्रिकेशनला गेलं नसेल तर ब्रेकर बदलणं दोन दिवसांचं काम असतं, साइटवर उतरल्यावर तेच दोन महिन्यांवर जातं. मीटिंगमध्ये क्लायंटसमोर चूक टीमची म्हणून तुम्ही घ्या, ज्युनिअरचं नाव काढू नका. त्याच्याशी नंतर, दार लावून, ड्रॉइंग समोर ठेवून बोला: हे कुठे तपासलं जायला हवं होतं आणि चेकलिस्टमध्ये कोणती ओळ नव्हती? ती ओळ त्याच दिवशी, त्याच्याच हाताने घालून घ्या.