नॅनो झिंक, वाढता कार्बन डायऑक्साइड आणि गव्हाची मुळं: कुंडीतला प्रयोग कसा लावावा

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की गव्हाची पर्णरंध्रं थोडी मिटतात. पाणी कमी उडतं, त्यामुळे पाण्यासोबत मुळांकडे येणारं जस्तही (झिंक) घटतं. उलट मुळांना साखर जास्त मिळते. ती पसरतात, जास्त आम्लं सोडतात आणि झिंक ऑक्साइडचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण, म्हणजेच नॅनो झिंक) लवकर विरघळू शकतात. सुमारे ५५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५५० भाग) कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेल्या गव्हाच्या दाण्यात जस्त जवळपास ९ टक्क्यांनी कमी भरलं आहे. नॅनो झिंक ही तूट भरतं की मुळांनाच इजा करतं, हे आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीतच तपासायला हवं.

पेरणी नोव्हेंबरच्या मध्यात करा. मार्चनंतर नागपूरच्या उन्हात कुंड्या ठेवायचा प्लॅस्टिकचा कक्ष इतका तापतो की दिसणारा फरक वायूचा की उष्णतेचा, हे सांगता येत नाही.

काटोल-कळमेश्वरकडची माती वाळवून २ मि.मी. चाळणीतून काढा आणि डीटीपीए पद्धतीने (मातीतलं पिकाला मिळू शकणारं जस्त मोजायची पद्धत) जस्त तपासून घ्या. ते ०.६ मि.ग्रॅ. प्रति किलोच्या खाली असेल, तर कुठलंही जस्त दिलं तरी मुळं वाढतील. ते श्रेय नॅनोचं नव्हे. म्हणून चार प्रकार ठेवाच: काहीच नाही, नॅनो झिंक ऑक्साइड, साधं झिंक ऑक्साइड, झिंक सल्फेट. दोन्ही ऑक्साइड किलोला १०० मि.ग्रॅ., म्हणजे ८० मि.ग्रॅ. जस्त. तेवढ्याच जस्तासाठी शुद्ध हेप्टाहायड्रेट (पाण्याचे सात रेणू असलेलं) झिंक सल्फेट ३५३ मि.ग्रॅ. लागतं. त्यातून गंधकही जातं, म्हणून उरलेल्या तीन प्रकारांत किलोला २१० मि.ग्रॅ. जिप्सम मिसळा. सल्फेटची तुलना वगळली तर कणांचा परिणाम आणि विरघळलेल्या जस्ताचा परिणाम कधीच वेगळे करता येणार नाहीत. प्रयोगाचा जीव इथेच आहे.

नॅनोकण पाण्यातून देऊ नका. ते गुठळ्या धरतात आणि काळ्या मातीच्या भेगांतून थेट तळाला जातात. २ किलोच्या कुंडीसाठी २०० मि.ग्रॅ. भुकटी आधी ५० ग्रॅम मातीत खलात घोटा, मग थोडीथोडी माती वाढवत मिसळा. भुकटी हाताळताना एन-९५ मास्क, हातमोजे घाला; पंखा बंद ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली या कामात नको.

कक्ष दोन, अगदी सारखे: १ × १ × १.२ मीटर, आत छोटा पंखा, वर झरोका. एकात बाहेरची हवा, दुसऱ्यात दिवसा ७०० पीपीएम. १२०० लिटर हवेला ४२५ वरून तिथवर न्यायला जेमतेम ०.६ ग्रॅम वायू पुरतो. त्यामुळे सिलिंडरला रेग्युलेटरसोबत सुईझडप (अगदी बारीक प्रवाह सोडणारी) आणि सेन्सरवर चालणारा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी-मिटणारी झडप) हवाच. नुसता नळ उघडला तर आकडा हजारोंवर जातो. सिलिंडर मोकळ्या जागेत, साखळीने बांधून उभा करा. बऱ्याच स्वस्त सेन्सरमध्ये आपोआप कॅलिब्रेशन असतं: सर्वात कमी वाचनाला ते बाहेरची हवा समजतात आणि काही दिवसांत चुकीचा आकडा दाखवू लागतात. ही सोय बंद करा, आठवड्यातून एकदा सेन्सर मोकळ्या हवेत तपासा.

प्रत्येक प्रकाराच्या पाच कुंड्या दोन्ही कक्षांत, एकूण ४०. कुंडीत तीन रोपं. दर आठवड्याला कुंड्यांच्या जागा बदला, वायूही दुसऱ्या कक्षात वळवा आणि कुंड्या त्याप्रमाणे हलवा. नाहीतर कक्षाचा स्वभावच निकालात उतरतो. पाणी वजन करून द्या. जास्त वायूतल्या कुंड्या हळू वाळतात. दोन्हीकडे सारखंच पाणी घातलं तर तिथली मुळं गुदमरतात आणि दोष नॅनोवर येतो.

३५ दिवसांनी कुंडी रात्रभर पाण्यात भिजवा, मुळं ०.५ मि.मी. चाळणीवर हलक्या धारेखाली धुवा. माती सुटावी म्हणून कॅल्गॉन (सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट) वापरलं तर ती मुळं फक्त लांबीसाठी. कॅल्गॉन जस्त ओढून घेतं. जस्त मोजायची मुळं १० मिलिमोलर ईडीटीएत (धातू पकडून ठेवणारं रसायन; डायसोडियम डायहायड्रेट, लिटरला ३.७२ ग्रॅम) थोडा वेळ बुडवा, ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, त्याने बाहेर चिकटलेलं जस्त बरंच निघतं. लांबीसाठी मुळं १ सें.मी. चौकटीवर पसरून रेषांना छेदणाऱ्या जागा मोजा, ११/१४ ने गुणा. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. आखूड, जाड, तपकिरी टोकं आणि विरळ मूलरोम ही इजेची खूण, तीही नोंदवा.

जस्ताचं प्रमाण (दर ग्रॅम मुळांत किती) आणि एकूण जस्त दोन्ही लिहा. मुळांचा पसारा वाढला की शोषण वाढूनही प्रमाण घटलेलं दिसू शकतं.

धुतलेलं पाणी नाल्यात सोडू नका. गाळ बसू द्या, तो आणि वापरलेली माती बंद डब्यात चिठ्ठी लावून संस्थेच्या घातक कचऱ्यात द्या.