मोठी संख्या हाती आली की या चुका टाळा

फळ्यावर १२,३४,५६७ लिहून 'मूळ की संयुक्त?' विचारलं की दोन मिनिटांत हात वर. 'मूळ, सर!' का? तर शेवटी ७ आहे, अंकांची बेरीज २८ म्हणजे ३ ने भाग जात नाही, ११ ची कसोटीही लागत नाही. झालं यांचं गणित!

हसायला मला तोंड नाही. नववीत मीही याच संख्येवर आपटलो होतो. १०० पर्यंतच्या पंचवीसही मूळ संख्यांनी भागून पाहिलं. मग उगाच समाधान म्हणून १०१, १०३, १०७, १०९, ११३. हात दुखायला लागला, खाली 'मूळ' लिहिलं आणि वही मिटली. पुढची मूळ संख्या १२७. आणि १२७ × ९,७२१ = १२,३४,५६७! सरांनी ओरडा नाही दिला, समासात लाल शाईने फक्त '१,१११' लिहिलं.

ते होतं १२,३४,५६७ चं वर्गमूळ, अपूर्णांक सोडून. अवयव जोडीने येतात. जोडीतले दोन्ही वर्गमूळाहून मोठे असते तर गुणाकार दिलेल्या संख्येच्या पुढे गेला असता. त्यामुळे १,१११ पर्यंत तपासायचं, त्याआधी थांबायचं नाही. तिथवर १८६ मूळ संख्या आहेत, मी तीसवर दमलो. तेव्हापासून पहिला भागाकार करण्याआधी वर्गमूळ काढून पानाच्या कोपऱ्यात लिहितो आणि गोल करतो. 'वाटते मूळ' हे उत्तर नव्हे. फर्मा या गणितज्ञालाही २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, मूळ वाटली होती. १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ ने भाग घालून दाखवला.

४ ने भाग जातो, ६ ने जातो, म्हणून २४ ने जातो? ३६ घेऊन बघा. ४ आणि ६ मध्ये २ सामाईक आहे; २४ साठी ३ आणि ८ तपासा.

विभाजक मोजताना घातांकात १ मिळवायचा राहतो. ७२,००० म्हणजे २ चा ६ वा, ३ चा २ रा आणि ५ चा ३ रा घात. विभाजक ७ × ३ × ४ = ८४. घाईवाले ६ × २ × ३ करून ३६ वर थांबतात. २ एकदाही न घेणं हाही एक पर्याय असतो, तो कोण मोजणार?

आता नवा शॉर्टकट : संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकायची. परवा एकाने १२३४५६७८९०१२३४५६ टाकली आणि '५ ने भाग जातो' म्हणून हटून बसला. पंधरा अंकांपुढचं तिथे टिकत नाही. शेवटचा ६ जाऊन ० आला होता, आणि याने पाहिलंसुद्धा नव्हतं. मी अशा संख्या पायथन या संगणकभाषेत टाकतो, तिथे पूर्णांकाचे अंक गळत नाहीत. तरीही एंटर दाबल्यावर शेवटचे चार अंक वहीशी ताडून बघायची खोड काही जात नाही.