एखाद्या देशात अध्यक्षीय पद्धत आहे की संसदीय, ओळखायचं कसं?

आधी पदाचं नाव विसरा. राष्ट्राध्यक्ष दिसला की अध्यक्षीय पद्धत असं धरून चाललात तर दक्षिण आफ्रिकेतच फसाल, तिथल्या राष्ट्राध्यक्षाला संसद निवडते आणि तीच अविश्वास ठराव आणून घरी पाठवू शकते, म्हणजे पाटी अध्यक्षाची पण काम आपल्या पंतप्रधानाचं.

मग बघायचं काय? सरकार चालवणाऱ्याला मुदतीआधी कोण काढू शकतं, आणि काढायला कारण काय लागतं. आपल्याकडे, म्हणजे संसदीय पद्धतीत, कारण लागतच नाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, कोणावर कसला गुन्हा नव्हता, लोकसभेत बहुमत नाही एवढं पुरलं. अमेरिकेत, म्हणजे अध्यक्षीय पद्धतीत, मात्र महाभियोग (संसदेत चालणारा खटला) लागतो, त्याला लाच, देशद्रोह असलं मोठं कारण हवं, खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, साध्या बहुमताने आरोप ठेवले तरी काढायला वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचला, पुढे क्लिंटन वाचले, ट्रम्प तर दोनदा, आजवर एकही राष्ट्राध्यक्ष या वाटेने गेलेला नाही (निक्सननी १९७४ मध्ये आधीच राजीनामा दिला).

मंत्री पण बघा. आपल्याकडे खासदार नसलेला माणूस मंत्री झाला तर सहा महिन्यांत त्याला खासदार व्हावंच लागतं, अमेरिकेत नेमकं उलटं, हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा सिनेटची सीट सोडावी लागली.

पैशावरून भांडण झालं की तर फरक लगेच कळतो. लोकसभेत बजेट पडलं तर सरकारच जातं, अमेरिकेत सरकार तिथेच आणि ऑफिसांना टाळं, २०१८-१९ च्या शटडाऊनमध्ये ३५ दिवस असंच चाललं होतं.

फ्रान्सला ही चाचणी लावली की गोंधळ उडेल, कारण डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने पंतप्रधान बार्निये यांचं सरकार पाडलं पण राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन जागचे हलले नाहीत. याला अर्ध-अध्यक्षीय म्हणतात, जबरदस्तीने कुठल्या एका खान्यात कोंबू नका.

आता यातली चांगली कुठली? यावर आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण वाचाच, त्यांचं म्हणणं असं की स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही सारख्या मापात मिळत नाही, संसदीय पद्धतीत सरकारचा हिशोब रोज घेता येतो म्हणून मसुद्यात जबाबदारीला झुकतं माप दिलंय. मला ते पटतं, फक्त सभागृह रोज चाललं पाहिजे हो!