सोइंटुलाला घर पाहायला जाण्यापूर्वी

व्हँकुव्हर बेटाच्या उत्तरेकडे नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी, पोर्ट मॅकनीलसमोरच्या माल्कम बेटावर, म्हणजे सोइंटुला गावात, बिऱ्हाड करावे का, असे मला विचारतेच. घर जरूर पाहावे. मात्र ते गाव कोणी आणि कशासाठी वसवले, हे आधी ठाऊक असलेले बरे.

नानाइमो भागातील कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या फिनिश मजुरांनी मात्ती कुरिक्का या पत्रकाराला बोलावून घेतले आणि 1901 मध्ये 'आइका' हे कॅनडातील पहिले फिनिश वृत्तपत्र निघाले. नाव आपल्या कानाला 'ऐका' असे लागते; अर्थ मात्र 'काळ'. खाणमालक आणि दारू या दोहोंपासून दूर, सर्वांच्या सामायिक मालकीचे गाव वसवण्याची कल्पना या पत्राने दूरवर पोहोचवली. त्यासाठी काढलेल्या कंपनीचा 200 डॉलरचा भाग घेऊन सभासद व्हायचे, अशी योजना होती. पण माल्कम बेटावर आलेल्यांत शेतीचा किंवा जंगलतोडीचा अनुभव असलेले थोडेच होते, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच होती. 29 जानेवारी 1903 च्या रात्री, वरच्या मजल्यावर सभा चालू असताना, सामायिक निवासाच्या तीन मजली लाकडी इमारतीला आग लागली आणि 11 जण दगावले, त्यांत बहुतेक मुले. पुढे पुलांच्या बांधकामाचे कंत्राट फार कमी दरात घेतल्यामुळे कष्ट वाया गेले, विवाहसंस्थेबद्दलच्या कुरिक्काच्या मतांवरून वाद पेटला, 1904 मध्ये तो अनुयायांसह निघून गेला आणि 1905 मध्ये कंपनी मोडली.

गाव मात्र मोडले नाही. मागे राहिलेल्यांनी 1909 मध्ये काढलेले सहकारी दुकान आजही चालू आहे. सोसायटीच्या दुकानात रेशनकार्ड घेऊन उभे राहिलेल्यांना हे वातावरण परके वाटणार नाही. तेव्हा राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सभासदत्वाची चौकशी करावी, आणि जुन्या शाळेच्या इमारतीतले संग्रहालय उघडे असेल तर पाहून यावे. फेरीबोट साधारण 25 मिनिटांत पोहोचवते. पण तीच बोट शेजारच्या बेटावरील अलर्ट बे या गावालाही जाते, त्यामुळे दोन फेऱ्यांमध्ये बराच वेळ जातो. औषधे, बाळाचे दूध आणि तुरीची डाळ पोर्ट मॅकनीलहूनच भरून न्यावी.