अर्धवट शिवणाचं गाठोडं कसं उपसावं

गाठोडं सोडायचं ते मे महिन्यात, ऊन कडक असताना. इथे मालवणच्या बाजूला एकदा मृग लागला की धुतलेला कपडा चार दिवस दांडीवर लोंबकळतो आणि तरी कुबट वास मारतो. भुरी आलेलं, वास मारणारं सगळं आधी धुऊन, कडकडीत वाळवून, इस्त्री फिरवून ठेवा. शिवायला पुढे पावसाळा पडलाच आहे. वीज गेली तरी पायमशीन अडत नाही, खिडकीशी ओढून घेतलं की झालं.

मग वाटण्या. ‘रोज एक कपडा हातावेगळा करा’ असं सांगणाऱ्यांनी मशीनला कधी दोरा ओवलेला नसावा. उसवलेल्या परकराला शिवण मारायला दोन मिनिटं लागतात. निळा दोरा काढा, पांढरा ओवा, बॉबिन भरा, चिंधीवर टाका जुळवून बघा, यात पंधरा जातात. म्हणून दोऱ्याच्या रंगाप्रमाणे ढीग करा आणि एका बैठकीत एकच रंग उपसा.

काही कपडे दुरुस्तीला घ्यायचेच नाहीत. काखेतलं कापड उजेडाला धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. जाळी दिसली तर सोडून द्या. विरलेल्या कापडात टाका टिकत नाही, त्याच्या शेजारीच फाटतं. हुक काढून घ्या, कापड गोधडीला.

मशीनला तेल मशीनचंच. घरात आहे म्हणून खोबरेल घालणारे मी पाहिलेत. ते साधारण 24 अंशांखाली गोठतं आणि एरवीही आत चिकटा धरून बसतं. वर्षभर मशीनला लावून ठेवलेली सुई फेकून द्या; खाऱ्या हवेत ती गंजते आणि पांढऱ्या कापडावर तांबूस ठिपके काढते. साध्या सुतीला 14 नंबर, जीन्सला 16.

हुक, बटणं, नेफे, उसवलेल्या शिवणी बसून उरका. साडीचा फॉल मात्र आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आकसून काठ गोळा करील.

आता खरं दुखणं, म्हणजे अडलेले कपडे. वेळ नाही ही सबब असते. कपडा जिथे जमला नाही तिथे थांबलेला असतो. माझ्या गाठोड्यात सात ब्लाउज होते आणि सातही बाहीपाशी अडलेले. पहिल्याची बाही मी तीनदा उसवली. चौथ्यांदा जोडली तेव्हा आमच्या आतेने तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, “गो, तुजे दोनय हात डावेच आसत काय?” दोन्ही बाह्या मी डाव्याच कापल्या होत्या.

ही चूक सगळ्यांची होते, कारण साध्या सुती कापडाची उलट-सुलट बाजू सारखीच दिसते. मुंढा, म्हणजे ब्लाउजला बाही जोडायची गोल कापणी, पुढच्या बाजूला जास्त खोल असतो, मागे कमी. बाहीची गोलाईही पुढच्या अंगाला जास्त कोरलेली असते. दोन्ही बाह्या सुलट बाजू आत करून एकमेकींवर ठेवा. कोरलेला भाग कोरलेल्यावर आला तर जोडी बरोबर. लगेच त्या अंगाला रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवा. खडूची खूण पुसली जाते आणि मग परत तोच घोळ.

बगलेची शिवण आधीच मारली असेल तर सरळ उसवा. गोल मुंढ्यात गोल बाही बसवायचा हट्ट मी दोन वर्षं केला आणि फक्त चुण्या मिळवल्या. खांदा जोडलेला, बगल उघडी, कापड सपाट पसरलेलं, असंच जोडायचं. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर टेकवा आणि तिथून आधी पुढे, मग मागे कच्चा धावदोरा घाला. टाचण्या नकोत, गंजतात. बाही मुंढ्यापेक्षा अर्धा इंच जास्त असली तरी घाबरू नका. मशीनवर बाही खाली आणि ब्लाउज वर ठेवा. खालचे दाते ती जास्तीची बाही आत ओढून घेतात. उलट ठेवलंत तर शेवटी कापड उरतं आणि तिथेच चुणी पडते. चुणी पडलीच तर तेवढेच चार टाके उसवा, अख्खी बाही नको. बाही अपुरी पडली तर ओढून ताणू नका, बगलेत चौकोनी तुकडा जोडा.

मग बाहीच्या तोंडापासून कमरेपर्यंत एकच सलग शिवण मारा.

घालून बघताना आरशासमोर पुतळ्यासारखं उभं राहू नका. हात वर करून दांडीवरचा पंचा काढा. पाठ ओढली गेली तर मागच्या मुंढ्याची शिवण उसवा आणि दोन सूत, म्हणजे पाव इंच, कडेकडे सरकवून पुन्हा मारा.

माझ्या सातांपैकी पाच गणपतीच्या आत अंगावर चढले. दोन गोधडीत आहेत, आतेच्या पायांवर.